अपहरणाची सहा पानं

रायफल घेतल्याने एल्वुड टीटरला काय काय मिळणार होतं, याचा हिशेब त्याने दाढी करता करता चारदा मांडला होता. डोंगरातल्या लाकडी खोपटात एक खाट. सहा माणसांची सोबत. सात दिवस, म्हणजे एकवीस जेवणं, आणि त्यातलं एकही ओट्यापाशी उभ्याउभ्या नाही. शिवाय पत्त्यांचे डाव, डावातल्या लबाड्या, लबाड्यांवरची भांडणं आणि ती मिटवायला पुन्हा पत्ते. हरीण या जमेत कुठेच नव्हतं. हरणाशी एल्वुडचं काही वाकडं नव्हतं.

वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगराळ मुलखात मुलाला आधी दात येतो की बंदूक, यावर आयांचं एकमत नव्हतं. नोव्हेंबरातल्या ठरलेल्या सोमवारी हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडला, की शाळा बंद, गिरणी बंद, आणि गावात पुरुष म्हणून उरत ते पाद्रीबाबा, अंथरुणाला खिळलेले आणि एल्वुड. जन्मभर त्याने पियानो सुरात लावले. गोळीच्या आवाजाने कान जातो आणि कान गेला की पोट जातं, असं तो सांगायचा. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी कान शाबूत होता, पण लोकांनी पियानो विकून टाकले होते आणि त्याच्या बायकोला, डोरीनला, जाऊन दोन वर्षं झाली होती. ऐकायला उरली होती फ्रिजची घरघर. ती काळी दोनमध्ये आहे आणि किंचित उतरलेली आहे, हेही त्याला ठाऊक होतं.

घरात निरोप टिपून ठेवणारा फोन होता. निरोपांचा आकडा त्याच्यावर लाल दिव्यात दिसे. सहा महिने शून्य बघून एल्वुडने त्याच्यावर डोरीनने विणलेली किटलीची टोपी घातली. घरात येता-जाता कुणी आपल्याला शून्य म्हणावं, हे त्याला बरं वाटेना.

अशात एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर हार्लनने त्याला गाठलं.

"मिल्टची खाट रिकामी झालीय रे," हार्लन म्हणाला. मिल्ट उन्हाळ्यात वारला होता. "येतोस का आमच्या कॅम्पाला? हंगामाच्या आदल्या शनिवारी नऊला निघतो. फक्त रायफल स्वतःची आण."

"मला नेम धरता येत नाही."

"आमच्यात कुणाला येतो? पण बिनबंदुकीचा माणूस बरोबर नेला तर लोक म्हणतील, स्वयंपाकी ठेवला."

म्हणून शुक्रवारी, निघायला पुरते आठ दिवस असताना, एल्वुड लोर्नाच्या दुकानात उभा राहिला. पुढे खिळे, रंग, कोंबड्यांचं खाद्य आणि मागे बंदुका, असं ते दुकान होतं. लोर्नाने सगळ्यात साधी रायफल काढली आणि सरकारी अर्ज पुढे सरकवला. अर्ज ज्याचा त्याने भरायचा. एल्वुड तो मोठ्याने वाचत, चर्चा करत भरू लागला.

"'तुम्ही न्यायालयाला चुकवून पळालेले आहात काय?' नाही गं. गुडघा कुठे पळू देतो?"

"नुसतं 'नाही' लिहा, मिस्टर एल्वुड."

"'तुम्हांला कधी मनोरुग्णालयात ठेवलं होतं काय?' डोरीनने दोनदा धमकी दिली होती. एकदा मी तिच्या आईचा पियानो लग्नाच्या दिवशी उघडून बसलो तेव्हा. झालं काय, की त्यात एक उंदीर..."

"नाही लिहा."

"'तुम्ही अमली पदार्थांचं सेवन करता काय?' यात खोकल्याचं औषध धरायचं का?"

मागे चार माणसं रांगेत उभी होती, पण एल्वुडला घाई नव्हती. दोन वर्षांत त्याची इतकी बारकाईने चौकशी कुणी केली नव्हती. गुन्हेगारीच्या प्रश्नांवर तर तो हळहळला, कारण तिथे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटचा प्रश्न संपला तसा त्याने कागद उलटून मागे आणखी काही विचारलंय का, हेही पाहिलं.

लोर्नाने माहिती संगणकावर पाठवली. एरवी होकार यायला चहा गार होईपर्यंतचा वेळ लागे. लोर्नाचं तोंड मात्र लांब झालं.

"थांबा म्हणतायत."

"थांबतो की," एल्वुड म्हणाला आणि खिळ्यांच्या पेटीवर बसला.

"इथे नाही हो! तपासणी अडकलीय. तुमच्या नावावर जुनं काहीतरी आहे."

"माझ्या?"

"काय आहे ते मला सांगत नाहीत. कायद्याने तीन कामाचे दिवस वाट बघून, नकार आला नाही तर मी रायफल देऊ शकते. पण होकार आल्याशिवाय द्यायची नाही, हा माझ्या वडिलांचा नियम. सोमवारी कोर्टात जाऊन विचारा. काय केलंय तुम्ही?"

रांगेतली चारही माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यांच्या नजरेत पहिल्यांदाच थोडा आदर होता.

सोमवारी कोर्टाच्या दप्तरखान्यात थेल्मा बसली होती. ती शाळेत एल्वुडच्या वर्गात होती आणि तेव्हापासून त्याला ओरडत होती. अर्धा तास तिने जुन्या वह्या उपसल्या, एका पानावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"एल्वुड टीटर, तुझ्यावर अपहरणाचा गुन्हा आहे."

"कुणाच्या?"

"वेंडेल सिमन्सच्या. ऑक्टोबर एकोणीसशे बाहत्तर. चार आरोपी. निकालाचा रकाना कोरा."

मग एल्वुडला आठवलं आणि तो इतका हसला, की थेल्माने त्याला दोनदा गप्प केलं.

त्या वेळी डोंगरात रीत होती. कुणाचं लग्न झालं, की पहिल्या रात्री मित्रमंडळी डबे बडवत खिडकीखाली जमायची, नवऱ्या मुलाला अंथरुणातून उचलायची आणि ओढ्यात बुचकळून परत आणायची. ज्याला कुणी न्यायला आलं नाही, त्याची बायको पुढे जन्मभर ते ऐकवायची. वेंडेलला चौघांनी नेलं. खताच्या ढकलगाडीत बसवून, तोंडात त्याचाच मोजा कोंबून. नेमका वाटेत नवा पोलीस शिपाई भेटला. तो ओहायोतला, सपाटीवरचा माणूस. नाइटशर्ट घातलेला, तोंड बांधलेला इसम चौघे ओढ्याकडे नेतायत, हे पाहून त्याने जे वाटलं ते लिहिलं. सकाळी शेरीफने चौघांना कॉफी पाजून सोडलं आणि पुढचं लिहायला तो विसरला.

"बाकीचे तिघे वारले," थेल्मा म्हणाली. "म्हणजे आता अख्खी टोळी तू एकटाच."

"मग करायचं काय?"

"वेंडेलने लिहून द्यायचं, की तक्रार नाही. त्यावर सही, माझा शिक्का, आणि सरकारी वकील प्रकरण मिटवतील. हा घे कागद."

एल्वुडचं हसू तिथेच आटलं. "दुसऱ्या कुणाला पळवलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

वेंडेलचं घर दोन मैलांवर, आणि दोघं सदतीस वर्षं बोलत नव्हते. सफरचंदाचा मुरंबा आटवायची वेंडेलची तांब्याची कढई एल्वुडने नेली होती. ती परत आली तेव्हा तिला पोचा होता. पोचा आधीचा, असं एल्वुड म्हणाला. माझ्या आईच्या कढईला पोचा नव्हता, असं वेंडेल म्हणाला. संपलं. तरी त्यांच्या बायका रोज फोनवर बोलत, त्यामुळे कुणाचा दात दुखतोय आणि कुणाची गाय व्यालीय, हे दोघांना कळत राही. मग वेंडेलची ॲडा गेली, तिच्यामागून डोरीन गेली, आणि बायकांच्या जिवावर चाललेलं ते न बोलणंसुद्धा बंद पडलं.

वेंडेल अंगणात अकरा कोंबड्यांशी बोलत उभा होता. त्याने एल्वुडला पाहिलं आणि कोंबड्यांना म्हणाला, "बघा गं, कढईवाला आलाय."

"सही हवीय," एल्वुड म्हणाला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

वेंडेलने कागद हातभर लांब धरून वाचला. "म्हणजे मी सही केली नाही, तर तुला बंदूक नाही?"

"नाही."

"आणि कॅम्पही नाही?"

"नाही."

"मला पळवलं होतं, एल्वुड. पाणी गार होतं. मला सर्दी झाली होती."

"लेका, चोपन्न वर्षं झाली त्याला!"

"माझ्या बाजूने कुणी अजून काही विचारलेलंच नाही. सही अशी सुटी करणार नाही मी. आधी सगळं रीतसर लिहून काढायचं. मी सांगतो, तू लिही. हा कागद राहू दे इथेच. उद्या ये. दुपारी ये, सकाळी कोंबड्या असतात."

मंगळवारी एल्वुड गेला. वेंडेलने टेबल पुसून ठेवलं होतं आणि दोन पेन्सिली तासल्या होत्या. दोन तासांत ते अंथरुणातून दारापर्यंतच पोचले, कारण मोजा डावा होता की उजवा यावर वाद झाला. बुधवारी ढकलगाडीचं चाक आलं.

"चाक करकरत होतं, असं लिही."

"करकरत नव्हतं. कुंथत होतं. मला आवाज कळतो."

"पळवलं कुणाला होतं? तुला की मला?"

गुरुवारी पहिली चार पानं वेंडेलने फाडली, कारण त्यात ॲडाचा उल्लेख नव्हता. ती खिडकीत उभी राहून ओरडत होती, आणि ओरडता ओरडता हसत होती. हे लिहायचं की नाही, म्हणून एल्वुडने पेन्सिल उचलून धरली. मग वेंडेल म्हणाला, "लिही. खरं आहे ते." आणि उगाच कोंबड्यांना बघून आला. त्यांतली ठिपक्यांची एक म्हातारी दोन वर्षं अंडं देत नव्हती. "कापून टाक की," एल्वुड म्हणाला. "एकट्याला अख्खी कोंबडी संपत नाही," वेंडेल म्हणाला. "म्हणून जगलीय."

शुक्रवारी तर वेंडेलने दुपारचं सकाळवर आणलं आणि एल्वुड अंधार पडल्यावर घरी आला. शनिवारी आठलाच ये, बकव्हीटच्या पिठाची धिरडी करतो, असं वेंडेलने सांगून ठेवलं होतं. एल्वुडला आठवत होतं, की नऊला हार्लनची गाडी निघणार. पण सही नाही, तर होकार नाही, आणि होकार नाही, तर रायफल नाही. तो गेला. सातवं धिरडं काकवीत बुडवताना त्याने घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ झाले होते.

"गेले असतील," तो म्हणाला.

"कोण?" वेंडेलने तव्याकडे बघतच विचारलं.

दुपारी एल्वुड लोर्नाच्या दुकानात गेला. तिने त्याला पाहून कपाळावर हात मारला.

"होता कुठे तुम्ही? काल दुपारीच होकार आला! पाच निरोप ठेवले मी तुमच्या फोनवर. हार्लनने चार ठेवले. सकाळी तुमच्या दारात गाडी चालू ठेवून अर्धा तास भोंगा वाजवत होता. शेवटी जावयाला घेऊन गेला बिचारा. त्याचा जावई किती घोरतो, सगळ्या गावाला माहीत आहे."

"होकार कसा येईल? वेंडेलने अजून सही केलेली नाही."

"मंगळवारी सकाळीच केली की. थेल्मा दर मंगळवारी त्यांच्याकडे अंडी आणायला जाते ना? तिने तिथेच शिक्का मारला, दुपारी वकिलांची सही घेतली आणि कागद पाठवून दिला. मलाही एक प्रत दिलीय."

कागदावर वेंडेलच्या वाकड्या अक्षरात दोनच ओळी होत्या. "मला कुणी पळवलं नव्हतं. माझे मित्र मला न्यायला आले होते."

एल्वुडने कागद दोनदा वाचला आणि डोळ्यांत काही गेल्यासारखा चष्मा पुसला.

"रायफल बांधून देऊ?" लोर्नाने विचारलं. "होकार तीस दिवस चालतो."

"राहू दे इथेच. आणि हे बघ, वेंडेल भेटला तर होकार आलाय हे त्याला सांगू नकोस."

"का?"

"लिखाण अर्धवट आहे," एल्वुड म्हणाला.

घरी जाऊन त्याने किटलीची टोपी उचलली. लाल दिव्यात नऊचा आकडा होता. नऊही निरोप त्याने खुर्चीत बसून ऐकले आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकले. एकही पुसला नाही. टोपी मात्र पुन्हा घातली नाही.

रविवारी तो आपण होऊन वेंडेलकडे गेला. वेंडेल दारातच होता.

"काही आलं का सरकारकडून?" त्याने जपून विचारलं.

"कसं येईल? तुझी सही कुठे आहे?"

"तेच म्हणतो मी. सरकारी काम आहे, कच्चं लिहून भागत नाही. आपली सहाच पानं झालीत आणि अजून ओढासुद्धा आलेला नाही. बस. जेवूनच जा आता."

सोमवारी पहाटे डोंगरात पहिले बार वाजले. तेव्हा सगळा हिशेब असा झाला होता: लोर्नाची एक रायफल विकायची राहिली. हार्लनच्या सहा माणसांची सात रात्रींची झोप गेल्यात जमा होती. सरकारदरबारी एक अपहरण मिटलं आणि वेंडेलच्या टेबलावर ते पानापानाने वाढत राहिलं. हरणांचं एल्वुडने काहीच घेतलं नाही. किंमत मोजली ती एकट्या ठिपक्यांच्या म्हातारीने. रविवारी जेवायला दोन माणसं होती, आणि दोघांना अख्खी कोंबडी संपते.