पोटरीतली गल्ली

सिद्रामकाका कुणालाही भेटले की ज्वारीचं पीक तपासावं तसं त्याला तपासतात. उभं आयुष्य शेती खात्यात गेलं, आता सोलापुरात आमच्या गल्लीत एकटेच राहतात. माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यामुलाशी दहा मिनिटं बोलले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पन अजून पोटरीत हाय, कणीस पानाच्या आतच हाय. बाहेर पडू द्या की." मी थांबले नाही. पुढं काय झालं ते इथं सांगणार नाही.

गल्लीलाही त्यांचा हाच न्याय. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि आलं की घरोघरी नळालाच मोटर लावतात. वरची घरं टाक्या भरून अंगणं धुतात, शेवटच्या घरात नरसम्माचा नळ नुसता फुसफुसतो. नरसम्मा विड्या वळते, तिला कुणी नाही. मग एकेका घरातून तिला घागर जायची, आणि घागर देणारी बाई दिवसभर पुण्य मिरवायची.

मी शाळेत शिकवते. मला हे बघवेना. स्वतःची मोटर काढली आणि मीटिंग बोलावली. आले एकटे काका. सगळ्यांसाठी केलेल्या चहातला तीन कप चहा प्यायले आणि म्हणाले, "बाई, गल्ली पोटरीत हाय आन् तुमी हुरडा भाजाय निघालाव?"

त्यांची रीत वेगळीच. पाण्याच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून एकेका बाईला नरसम्माकडं धाडायचे. "कढीपत्ता हाय का इचारून ये गं." बाईनं जायचं, कोरडा नळ बघायचा, परत यायचं. उपदेश नाही, काही नाही. दोन वर्षांत पाच बायका धाडून झाल्या! मला हसू यायचं आणि संतापही. पण खरं सांगायचं तर त्यातल्या कोपऱ्यावरच्या सुनंदाताई मोटर अर्धा तास उशिरा लावायला लागल्या होत्या. "कणीस दिसाय लागलं की!" म्हणत काका गल्लीभर फिरले.

"अहो, तुमचं कणीस भरेपर्यंत ती म्हातारी तहानेनं मरेल," मी भडकले. आणि कुणाला न सांगता पालिकेत अर्ज दिला.

पथक आलं, मोटरी उचलून घेऊन गेलं. पुढच्या पाण्याला नरसम्माच्या नळाला धार आली. मी तर डोळे पुसले. त्याच्या पुढच्या पाण्याला गल्लीत नव्या मोटरी होत्या, आधीपेक्षा मोठ्या, फरशीखाली दडवलेल्या. सगळ्यात आधी सुरू झाली ती सुनंदाताईंची. संशय खरं तर माझ्यावर यायला हवा होता. पण मी त्यांच्या पोरांची बाई, आणि नरसम्मा एकटी. अर्ज तिचाच, असं गल्लीनं ठरवून टाकलं. घागरी बंद झाल्या.

मी बोलले का? नाही.

बोलले काका. ऐन पाण्याच्या वेळी गल्लीच्या मधोमध उभे राहिले. "अर्ज म्या दिला. त्या बाईला सही बी येत न्हाय." लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. तेव्हापासून त्यांना कुणी दारात उभं करत नाही. घागरीही बंदच राहिल्या, अर्ज नरसम्मासाठीच होता ना!

मी त्यांच्याकडं गेले. "काका, मी सांगते सगळ्यांना."

"नगं. तुमी लेकराबाळाच्या, हितंच ऱ्हायचंय तुमाला."

"आणि तुमचं काय?"

"माजं काय? घरात बोलाय कोन हाय? म्हणून तर एकेकाच्या दारात जाऊन बसायचो."

मला, सांगायला लाज वाटते, हायसं वाटलं.

"एक करा," काका म्हणाले. "नरसम्माला घागर तुमी सुरू करा. तुमचं बघून दुसरी बी निघंल. कोन इचारलं तर म्हणा, त्या म्हाताऱ्याशी मी बोलत न्हाय. न्हायतर माजीच घागर म्हणत्याल आन् कोन देनार न्हाय."

परवा पाणी आलं. मी घागर कमरेवर घेऊन निघाले. सुनंदाताईंनी हटकलंच, "काय हो बाई, काकांनी धाडलं वाटतं?"

काका समोर त्यांच्या पायरीवर बसले होते.

"त्या म्हाताऱ्याशी मी बोलत नाही," मी मोठ्यांदा म्हणाले.

काकांनी मान हलवली. वर्गात बरोबर उत्तर आलं की मी हलवते, तशी. सुनंदाताई आत गेल्या आणि घागर घेऊन बाहेर आल्या. आम्ही दोघी काकांच्या समोरून गेलो, त्यांच्याकडं न बघता.