सपाट म्हणू नकोस

बावतीस डिमेलोसमोर कुठल्याही जागेला सपाट म्हणायची सोय नाही. सिडनीत, टूनगॅबीला आमच्याकडे जेवायला आला, की आधी टेबलावर लिंबू ठेवून बघतो. लिंबू घरंगळलं की खूश. "बघ. आणि म्हणे सपाट."

तो वसईचा, मी पुण्याचा, दोघेही सर्व्हेयर. कोविडच्या पहिल्या वर्षी आम्हाला साउथ ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात एका कोरड्या, खाऱ्या तलावाचा नकाशा करायला पाठवलं. नजर जाईल तिथवर पांढरं मीठ. मी चुकून म्हणालो, "काय सपाट आहे रे." तो दुपारपर्यंत बोलला नाही.

बोलला तो आमची गाडी रुतल्यावर. मिठाची पापडी फुटली आणि चाकं खालच्या काळ्या चिखलात बुडाली. फोनला रेंज नाही. उत्तरेकडे आभाळ भरून आलेलं. या तळ्यात पाऊस पडला, तर पायाखालच्या सगळ्याचीच खीर होणार.

कॅम्प समोर दिसत होता. मी सरळ निघालो.

"तिकडून नको. डावीकडे उंचवटा आहे. सकाळी मोजलाय मी."

"कुठे आहे उंचवटा?"

"वीतभर आहे. चल."

वीतभर उंचीसाठी एवढा वळसा? मी ऐकलं नाही. थोडं पुढे गेलो आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. एक पाय ओढला की दुसरा खोल जायचा. बावतीस पोटावर आडवा झाला, मोजणीची लांब काठी माझ्याकडे सरकवली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "हलू नकोस. घट्ट धर."

बूट आतच राहिले. मग पाऊस आला. दोन्ही बाजूंनी पाणी पसरत होतं आणि मी अनवाणी, निमूट त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत होतो. त्या वीतभर उंचवट्यानेच आम्हाला कॅम्पवर पोचवलं.

परतीच्या वाटेवर जेवायला थांबलो होतो, त्या पबमध्ये कोविडची एक केस निघाली. आम्हाला मोटेलच्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांत वेगवेगळं कोंडलं. संध्याकाळी बावतीसचा फोन आला.

"काय रे, बरं आहे ना?" मी विचारलं.

"बरं आहे. तू तुझं काम कर. फोन फक्त चालू ठेव."

"म्हणजे?"

त्याने बायको-मुलीचा विषय काढला. "रोझी आणि पोर लग्नाला वसईला गेल्या, त्या विमानं बंद झाल्यापासून तिकडेच आहेत. घरात दुसऱ्या माणसाचा आवाजच नाही रे. आता तू भांडी विसळत होतास ना, ते भिंतीतून ऐकू येत होतं. मग बंद झालं."

मी फोन ओट्यावर ठेवला, धुतलेले दोन्ही कप पुन्हा सिंकमध्ये घेतले आणि नळ सोडला.