भटूआप्पांचं लॉन

आमच्या शेजारचे भटूआप्पा लॉनला पाणी फावड्याने देतात. नळी लावून शिंपडणं त्यांना मंजूर नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते एकेक वाफा भरतात आणि भरला की मातीने तोंड बंद करून पाणी दुसऱ्यात वळवतात. चार वाफ्यांचं लॉन शहाद्यात दुसरं असेल असं मला वाटत नाही.

आप्पांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हे ते बघत. निवृत्त झाले, पण पाणी सोडायची सवय सुटली नाही. लॉनच्या पाण्याचे वार ठरलेले. त्या दिवशी व्याह्यांकडे लग्न असलं तरी आप्पा आधी वाफे भरणार, मग अक्षता टाकायला जाणार. विचारलं तर म्हणतात, "कायदाले धरीसन चालनं पडस, गुरजी." मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून गुरजी.

त्या लॉनवर पाय ठेवायची मात्र कुणाला परवानगी नाही. एकदा माझी बायको तिथे ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घालायला गेली. आप्पांनी तिला फाटकातूनच परत पाठवलं. "हाई लॉन शे वहिनी, खयं नई." आप्पांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो; खयं म्हणजे खळं. तिने बिबडे आमच्या गच्चीवर वाळवले आणि आप्पांकडे एकही पाठवला नाही. मला यात तिचंच बरोबर वाटतं.

पुढे नगरपालिकेची योजना आली. वापरात नसलेलं लॉन काढा, कमी पाण्यावर जगणारी झाडं लावा, घरपट्टीत सूट घ्या. गल्लीतल्यांनी भराभर अर्ज केले. आप्पा म्हणाले, "मन्हं लॉन वापरमा शे." कोण वापरतं, ते काही सांगेनात.

त्या उन्हाळ्यात कॉलनीची बोअर गचके खाऊ लागली. कालव्याला पाणी कमी पडलं की आप्पांचा एक कायदा असे: ज्याचं रान पडीक, त्याचं पाणी आधी बंद. यापायी त्यांनी सख्ख्या मेहुण्याशी वाकडं घेतलं होतं. आता पडीक रान त्यांच्याच अंगणात निघालं. दोन वेळा त्यांनी लॉनचं पाणी चुकवलं आणि मग कोरा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. लिहायचं मी, सही त्यांची, असं ठरलं.

नाव झालं, पत्ता झाला. मी पुढचा प्रश्न वाचला, "सदर हिरवळ कोणाच्या वापरात होती?"

आप्पांनी अर्ज ओढून प्रश्न स्वतः वाचला.

"मन्ही नातकरता लावेल शे," ते म्हणाले. "पुनाहून येई, खेयी, असं वाटनं व्हतं."

नात एकदाच आली होती, चार वर्षांची असताना. आता ती कॉलेजात आहे.

"मग काय लिहू, आप्पा?"

"लिखा, कोनीच नई."

मी लिहिलं. इतकी वर्षं या माणसाला नुसता हसत आलो, याची मला लाज वाटली. मग योजनेतल्या झाडांची यादी त्यांच्यापुढे सरकवली. कोरफड, निवडुंग, बोगनवेल, असं बरंच होतं. आप्पा एकेका नावावर बोट ठेवत खालपर्यंत गेले.

"यान्हामा बिगर काटानं कोन्तं शे?"

"का हो?"

"पोर अनवानी पयस, गुरजी."