गच्चीवरचं वाळवंट

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नवीन राहायला आलं की पेडणेकर सर पहिल्याच दिवशी विचारायचे, "कोणत्या प्रदेशात आलात?"

माणूस बिचारा म्हणायचा, "आम्ही साताऱ्याचे."

"अहो, मूळचे नाही विचारत! दुसरा मजला, मागची बाजू ना? अरेरे, विषुववृत्तीय वर्षावन! कपडे वाळायचे नाहीत हं तुमचे."

सरांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. रिटायर झाल्यावर शाळा सुटली, भूगोल सुटला नाही. गोरेगाव पूर्वेची आमची तीन मजली, बारा बिऱ्हाडांची सोसायटी. तिचेच त्यांनी नैसर्गिक प्रदेश पाडले. मागच्या गळक्या पाइपांवर शेवाळ, नेचे आणि बेडूक, ते वर्षावन. समोरचं रिकामं मैदान म्हणजे गवताळ प्रदेश. राणेकाकूंचा फ्रिज, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमधला एकुलता एक, तो टुंड्रा. आणि गच्ची म्हणजे उष्ण वाळवंट. "प्रदेश कळला की लोकजीवन कळतं," हे त्यांचं पालुपद. दुधाच्या रांगेत तेच, बारशाला तेच.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे निवडीच्या वेळी बाकी सगळे खाली मान घालून बसले होते आणि मी चुकून वर बघितलं.

शेजारच्या तबेल्यातले भैये म्हशींसाठी आमचं गवत कापून न्यायचे. मी तावातावाने हाकलायला गेलो तर कळलं, सरांनी परस्पर करारच केलाय. या सोमवारी पूर्वेकडचं कापायचं, पुढच्या सोमवारी पश्चिमेकडचं. "आळीपाळीने चराई, सेक्रेटरी! मुळासकट उपटलं की वाळवंट पसरतं." एकदा त्या गवतातून साप निघाला. माझी वाट लागली आणि सर टाळ्या वाजवतायत, "अन्नसाखळी पूर्ण झाली!"

फ्रिजच्या दारावर त्यांनी कागद चिकटवला, 'टुंड्रा. दार सारखे उघडू नये.' कारण उन्हाळ्यात सगळी बिल्डिंग तिथेच दूध ठेवायची. राणेकाकू भडकल्या. "मास्तरांनू, माझ्या फ्रिजाक नावां ठेवू नकात हां!" पण दोनच दिवसांनी त्या माझ्या बायकोवर जिन्यातून ओरडत होत्या, "अगो सुलभा, टुंड्रा उघडो टाकून खंय गेलंस?"

सरांच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा विनय आखातात नोकरीला. त्याचं पत्र आलं की सर ते जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचायचे. "बाबा, काळजी नको. दिवसभर एसी ऑफिसात बसून असतो." राणेकाकू म्हणायच्या, "नशीब काढल्यान झिलान!"

वाळवंटाचे नियम मात्र कडक. पापड, कुरडया अकरा ते दोन. दोननंतर गच्ची बंद, किल्ली सरांकडे. अडीचला ते एकटेच वर जायचे, तेही भर मे महिन्यात, आणि तीनला लालबुंद होऊन उतरायचे. आम्ही म्हणायचो, थर्मामीटर लावून बसत असतील, दुसरं काय!

आता माझं दुखणं ऐका. मी तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोब्बर खाली. आदल्या पावसाळ्यात घरात सहा ठिकाणी गळत होतं. पातेली संपली तेव्हा सुलभाने कुकर लावला, भाताचा नव्हे, थेंबांखाली. "सेक्रेटरी म्हणे!" एवढंच बोलली, पण कसं बोलली! म्हणून मी गच्चीवर पत्र्याची शेड घालायचा घाट घातला. सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. अकरा झाल्या. पावसाला तीन आठवडे उरले आणि सर अडून बसले.

मीटिंगमध्ये म्हणाले, "वाळवंटावर छप्पर? जगात कुणी घातलंय का हो?" सगळे पोट धरून हसले. राणेकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी माझं टाळकं सरकलं. अडीचला कागद घेऊन तडक वर गेलो आणि दार ढकललं.

गच्चीच्या मधोमध सर उभे. डोक्यावर टोपी नाही, पायात चपला नाहीत. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. मनगटावरच्या घड्याळात एक वाजलेला.

"सर, घड्याळ बंद पडलंय तुमचं."

"चालू आहे. तिकडचं आहे. विनयकडे आत्ता एक वाजलाय."

त्यांनी खिशातून फोटो काढला. विनय हसत उभा होता, चेहरा करपलेला, कपाळावर एक पांढरी रेघ.

"हेल्मेटची आहे ती," सर म्हणाले. "एसीत कोण हेल्मेट घालतं हो? तीस वर्षं मी पोरांना त्या प्रदेशाचं लोकजीवन शिकवलं, आणि हा लबाड मला शिकवतो!"

"मग तुम्ही इथे कशाला..."

"तो उभा असतो ना तिकडे. काही उपयोग नाही, कळतं मला. पण त्या वेळी खाली पंख्याखाली बसवत नाही हो."

मी आपल्या चपला काढल्या. दहा आकडे मोजायच्या आत "आई गं!" करून नाचायला लागलो. सर खो खो हसले. "सेक्रेटरी, उंटाचे पाय लागतात!"

शेड झाली. बाराव्या सहीसकट झाली. फक्त एका कोपऱ्यात दोन पत्रे मी घालूच दिले नाहीत. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, पाणी नेमकं तुमच्या किचनमध्ये उतरणार." उतरलंच. सुलभाला मी सगळं सांगितलं होतं. तिने मुकाट्याने खाली कुकर ठेवला, आणि पुढच्या मे महिन्यापासून अडीचला गच्चीच्या पायरीवर कोकम सरबताचा तांब्याही.

एकदा सरांनी विनयला लिहिलेलं पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. सवयीप्रमाणे आधी जिन्यात मोठ्याने वाचून दाखवलं. "चि. विनय, इकडे सर्व ठीक. गच्चीवर शेड झाली. माझी काळजी नको. दुपारभर मी पंख्याखाली झोपून असतो."

वाचताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "छान लिहिलंय, सर," आणि पत्र खिशात घातलं.