मास्तरांच्या गाडीचे निदान

करावे तसे भरावे हा नियम माणसांना फारसा लागू पडत नाही, म्हणून तो इंजिनांना लावण्यात आला. इंजिनाने सोडलेल्या धुराचा काही भाग ईजीआर नावाच्या व्हॉल्व्हमधून परत त्याच्याच घशात जातो. त्यामुळे इंजिन थंड डोक्याने काम करते आणि हवेत विष कमी पसरते. (अशी सोय कार्यालयांत अद्याप बसवलेली नाही.)

भूमितीच्या मास्तरांची डिझेल गाडी मात्र दर सिग्नलला आचके देऊन बंद पडू लागली, आणि दर वेळी धक्का मारायला बायकोला उतरावे लागे. मंगळवारी ती अशीच वाकलेली असताना तिच्या साहेबांनी शेजारच्या गाडीतून हात हलवला. तेव्हा ती म्हणाली, "आता आणखी एकदा उतरायला लावलंत, तर परत बसणार नाही. गाडीतही नाही आणि तुमच्या घरातही नाही."

निदान तातडीने हाती घेण्यात आले. बॉनेटमध्ये अकरा तज्ज्ञ वाकले, पैकी नऊ जणांनी टायरला लाथ मारून पाहिली (टायर निर्दोष आढळला). साडूंचा बॅटरीवर संशय होता, कारण त्यांचे बॅटरीचे दुकान होते. शेवटी मेकॅनिकने स्कॅनर लावला, ईजीआर व्हॉल्व्ह खोलला आणि म्हणाला, "काजळीने अर्धवट उघडा अडकलाय, म्हणून सिग्नलला इंजिन धुराने गुदमरतं. साफ करतो, संध्याकाळी न्या."

उपाय इतका साधा होता की कोणाचाच त्यावर विश्वास बसेना.

साडूंनी मास्तरांना बाजूला घेतले. "साफ केला तरी पुन्हा माखणारच. त्यापेक्षा मध्ये पत्रा मारा, वाटच बंद! आपल्या गाडीनं धूर का गिळायचा? एवढा मोठा रस्ता पडलाय."

"पण बाहेरच्यांना त्रास..."

"आपण बाहेर असतो का, मास्तर? आपण आत असतो."

भूमितीच्या दृष्टीने हे बिनतोड होते. पत्रा बसला. लगेच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, त्यावर साडूंनी काळी चिकटपट्टी लावली. येणेप्रमाणे निदान पूर्ण झाले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिग्नलला गाडी शांतपणे घुरघुरत उभी राहिली. बायको जागची हलली नाही. उलट हसून म्हणाली, "सुधारली हो!" मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी कौतुकाने तिच्या बाजूची काचही वर केली.

मागे स्कूटरवर डोळे चोळत, खोकत तुम्ही उभे होतात. तुम्ही तावातावाने पुढे येऊन काचेवर टकटक केलीत. मास्तरांनी भीत भीत काच खाली घेतली.

"पत्रा मारलाय ना?" तुम्ही विचारलंत. "कुठे मारून मिळतो? आमचीही कार हल्ली सिग्नलला बंद पडते."