मनगटानं टाका

आमच्या राजारामपुरीच्या गल्लीत पेपर टाकणारे बाबरमामा एका सकाळी वीस मिनिटं अडकले. त्यांनी भिरकावलेला पेपर गटारात पडला होता आणि शकूअक्कांनी त्यांना सायकलवरून खाली उतरवलं होतं.

"खांद्यानं फेकताय तुमी. मनगटानं टाका की."

आठवड्याभरात मामांचा पेपर प्रत्येकाच्या उंबऱ्यावर अलगद येऊन पडू लागला. चुकीचं फेकणं अक्कांना बघवत नसे. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी पिशवीत कशी टाकावी आणि आमच्या आईनं दोरीवर ओली चादर कशी भिरकावावी, हेही त्यांनी शिकवलं.

अक्का मूळच्या गडहिंग्लजच्या. मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या, निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारी एकट्याच राहत. दोन हजार सालानंतर कधीतरी पुण्याच्या भाच्यानं त्यांना फ्रिस्बीची तबकडी आणून दिली आणि खेळ समजावला: आपसांत टाकत न्यायची, पलीकडच्या रेषेपार झेलली की गुण. ह्या खेळात पंच नसतो, आपली चूक आपणच सांगायची, हे ऐकून अक्कांचा त्यावर जीव जडला. गल्लीतली दहा-बारा पोरं-पोरी गोळा केली. सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर नऊवारीखाली कॅनव्हासचे बूट घालून त्या उभ्या. "ती जिथं हाय तिथं टाकू नगंस. ती जिथं पोचणार हाय तिथं टाक," हे वाक्य आमच्या खिडकीपर्यंत ऐकू यायचं.

वर्षभरानं पुण्यात सामने झाले. मीही हौसेनं बरोबर गेले. शेवटच्या सामन्यात बरोबरी होती. आमच्या गल्लीतल्या दीपानं झेप घेऊन तबकडी पकडली आणि पोरं नाचायला लागली. दीपा मात्र उठून म्हणाली, "तबकडी आधी खाली टेकली होती." दुसऱ्या कुणालाच ते दिसलं नव्हतं. गुण गेला, सामनाही गेला.

परतीच्या एसटीत तिच्याशी कुणी बोलेना. अक्कांनी तिला खिडकीची जागा दिली आणि कराड येईपर्यंत तिचा हात हातात धरून ठेवला.

पुढं पोरं गळत गेली. कुणी क्रिकेटला, कुणी क्लासला. दीपा नर्सिंग शिकायला मिरजेला गेली.

एकदा सकाळी दूध आणायला निघाले, तर मैदानात अक्का एकट्याच. तबकडी टाकायच्या, सावकाश चालत जाऊन उचलायच्या आणि तिकडून पुन्हा इकडं टाकायच्या. मला फाटकाशी थांबलेलं त्यांनी पाहिलं.

"समोर कोण नसलं की आणायला पण आपणच जायचं," त्या म्हणाल्या. जरा ओशाळल्यासारख्या.

मी दुधाची किटली भिंतीवर ठेवली आणि समोर जाऊन उभी राहिले. जन्मात कधी खेळले नव्हते. पहिली तबकडी छातीवर आपटली. मी परत टाकली ती भलतीकडं, पार कडुलिंबाच्या पलीकडं गेली. आता माझ्या खांद्यावर व्याख्यान होणार म्हणून मी मान खाली घातली.

मान वर केली, तर अक्का समोर नव्हत्या. निऱ्या हातात धरून त्या तबकडीमागं निघाल्या होत्या, आणि चालत नव्हत्या, पळत होत्या.