सोनटक्के डॉक्टर आणि वरचा हुकूम

वसमतच्या आमच्या गल्लीत लग्नाच्या पंगतीला सोनटक्के डॉक्टरांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसतं. भात वाढला की ते त्याचा मुटका वळून तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "हा बगा म्हशीचा बीजांडकोश." मग भाजीतले वाटाणे त्यावर खोचतात. हे बीजाचे फुगे. समजावून झालं की एकेक फुगा खातात. समोरच्याचा घास हातातच राहतो.

डॉक्टर गुरांचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. त्यांच्या मते जगात जे घडतं ते हार्मोनमुळे. नळाला पाणी नाही आलं तरी म्हणणार, "वरून हुकूम न्हाई आला." वर म्हणजे नगरपालिका नव्हे, मेंदूच्या बुडाशी लोंबणारी हरभऱ्याएवढी पियुषिका ग्रंथी. तिनं हुकूम सोडला की खाली फुगे वाढतात. त्यातला एक थोरला होतो आणि वर निरोप धाडतो, आता रसद बंद करा. मग धाकटे उपाशी सुकतात. निवडणुकीत तिकीट कापलेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी हे भर चौकात समजावलं. तो धाकटा फुगा अजून त्यांच्याशी बोलत नाही.

आमची म्हैस माजावर येईना तेव्हा त्यांना बोलावलं. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत बाहेर. माझ्या सासूबाई दार लावून बसल्या. म्हशीनं मात्र सगळं व्याख्यान ऐकून घेतलं आणि पुढं गाभणही राहिली.

शेजारच्या शकूबाईंनी सून रेखाला, मूल होत नाही म्हणून, सेनगावला माहेरी धाडायचं ठरवलं. चार माणसांची बैठक बसली. वडीलधारे म्हणून डॉक्टरांना बोलवावं लागलं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, रेखाच्या नवऱ्याची, प्रकाशची तपासणी झाली का. शकूबाई म्हणाल्या, गड्याची कसली तपासणी.

"वळू तपासल्याबिगर आमी म्हशीला भाकड म्हणत न्हाई," डॉक्टर म्हणाले.

प्रकाश सतरंजीचे धागे उपटू लागला. डॉक्टरांनी पियुषिकेपासून सुरुवात केली. चहा गार झाला तरी ते फुग्यांपर्यंतच आले होते. शेवटी शकूबाईंचा तोल गेला.

"साऱ्या तालुक्याच्या म्हशी गाभण केल्या. तुमच्या घरी काहून पाळणा हलला न्हाई?"

मी डॉक्टरांकडे बघायचं टाळलं.

"दोष माझ्यात हाय," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता. "तवाच तपासून घेतलं. आईला बी सांगितलं, हिला एक शब्द बोलायचा न्हाई. तुमी बी पयले पोराला न्या."

एवढं ऐकल्यावर सुनेला धाडायचा विषय पुन्हा काढायची कुणाला हिंमत झाली नाही. दोघांनी मिळून नांदेडला दाखवायचं ठरलं.

मी डॉक्टरांना घरापर्यंत सोडलं. ते आंघोळीला गेले. त्यांच्या बायको, आमच्या काकू, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी बैठकीतलं सगळं सांगितलं. डॉक्टर चारचौघांत काय बोलून बसले, तेही.

काकूंनी हातातली शेंग सोलून संपवली.

"दोष माझ्यात होता," त्या म्हणाल्या. "माझं बीजच पिकत नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरीणबाईनं ह्यांना बाजूच्या खोलीत नेऊन सांगितलं. दार नुसतं लोटलेलं होतं. घरी आलो तर हे मलाच म्हणाले, माझ्यात खोट हाय, माफ कर."

आतून डॉक्टरांनी टॉवेल मागितला. काकू मांडीवरची टरफलं झटकून उठल्या.

"त्यांच्यापाशी बोलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "मला ठाऊक न्हाई असंच वाटतं त्यांना."